प्रॅक्टिस फोटो

इचलकरंजीच्या मामांनी चहाचा कप बशीत ठेवला, खिशातून फोन काढला, बोटाने त्यावर काहीतरी शोधलं आणि फोन माझ्या वडिलांच्या पुढ्यात सरकवला.

"हे जरा बघा अप्पासाहेब. आणि राग मानू नका."

अप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मी आतल्या दाराशी उभी होते, हातात पोह्यांच्या रिकाम्या बश्या. अप्पांनी फोन लांब धरून बघितला, मग जवळ आणून बघितला. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत फोनकडे. तेवढ्यात त्यांचा चेहरा असा उतरला की बश्या खाली ठेवायचंही मला भान राहिलं नाही.

"त्रिशला, इकडं ये."

फोटोत घाटातला रस्ता होता. लाल मोटरसायकल. गाडीवर चौकड्याच्या शर्टातला एक पोरगा, कुरळ्या केसांचा, डाव्या भुवईत जुनी खोक. आणि त्याच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, मी बसले होते. माझा एक हात त्याच्या खांद्यावर होता आणि मी तोंड उघडं टाकून हसत होते.

"कोण हाय हा?" अप्पांनी विचारलं.

"मला काय माहीत? अप्पा, मी क्रेटवर बसलेय."

पाहुण्यांना काही कळलं नाही. मामा, म्हणजे माझं ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुलाचे मामा, मुलाच्या वडिलांकडे बघायला लागले. मुलाचे वडील बाबगोंडा पाटील हे फार कमी बोलणारे गृहस्थ. सगळा वेळ ते आमच्या भिंतीवरच्या बाहुबलीच्या तसबिरीकडे बघत बसले होते, आणि अजूनही तिकडेच बघत होते. साखरपुडा तोंडावर आला होता. आईने खरेदीची यादी तोंडपाठ केली होती. मुलाचं नाव अभिनंदन. दोनदा फोनवर बोलणं झालं होतं, दोन्ही वेळा त्याने 'जेवलीस का' एवढंच विचारलं होतं, पण आवाज बरा होता आणि मला तो आवडायला लागला होता. आता हे दोघं न कळवता आले होते आणि मी त्यांना 'मी क्रेटवर बसलेय' असं सांगत होते.

"श्रेणिकला बोलव," अप्पा आईला म्हणाले. "ह्या फोटोचं काय ते त्यालाच माहीत."

श्रेणिक म्हणजे माझा मोठा भाऊ. तो मागच्या शेडमध्ये होता. आमचं घर तासगावच्या बाहेर मणेराजुरी रस्त्याला, आणि घरामागे अप्पांचं बेदाण्याचं शेड. लोक द्राक्षं आणून द्यायचे, आम्ही जाळ्यांवर पसरून वाळवून द्यायचो. हंगामात तिथे उभं राहायला जागा नसायची. एरवी रिकामे लोखंडी रॅक, कोपऱ्यात क्रेटची उतरंड आणि चारी बाजूंनी हिरवं शेडनेट.

दादाने डिप्लोमा अर्धवट टाकला होता. तेव्हापासून कुणी 'मुलगा काय करतो' म्हणून विचारलं की अप्पा म्हणायचे, "आमचा श्रेणिक नुसता हाय." त्या 'नुसता'चं दादाला काय वाटायचं ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. सांगलीच्या एका स्टुडिओवाल्याकडून त्याने जुना कॅमेरा आणला आणि शेडच्या गच्चीवर, जिथे रेंज यायची तिथे, फोनवर व्हिडिओ बघत बसायला लागला. शिकवणारे हिंदीतले, भरभर बोलणारे. दादा थांबवायचा, मागे घ्यायचा, परत लावायचा. मग खाली येऊन आमच्यावर प्रयोग. आजोबांच्या फोटोतली सुरकुती न् सुरकुती काढून त्याने त्यांना माझ्यापेक्षा तुकतुकीत करून ठेवलं. घराच्या फोटोतल्या विजेच्या तारा इतक्या सफाईने काढल्या की आई म्हणाली, "आता दिवे कशावर लागायचे?"

पण हात बसत गेला. आणि हात बसल्यावर त्याला एक गोष्ट खुपायला लागली.

"त्या व्हिडिओत सरावाला देतात ते फोटो बघितलेस?" तो एकदा मला म्हणाला. "सगळ्या गोऱ्या बायका, समुद्रावर उभ्या. भुरभुरते केस. तेल लावलेली वेणी मागच्या चित्रातून कशी कापायची, हे एकजण सांगत नाही. आपल्या पोरांनी करायचं काय?"

"मग तू सांग."

"सांगू?"

"मला कशाला विचारतोस? सांग की."

असा त्याचा चॅनेल सुरू झाला, मराठीतून. पहिल्या व्हिडिओसाठी सरावाचा फोटो पाहिजे होता, म्हणून त्याने मला शेडमध्ये नेलं. मागे हिरवं नेट असलं की माणूस कापायला सोपा जातो, हे त्याचं डोकं. मला पालथ्या क्रेटवर एका बाजूला तोंड करून बसवलं, हात रॅकच्या दांडीवर टेकवायला लावला. मी तोंड कसनुसं करून बसले होते. कॅमेऱ्यामागून तो म्हणाला, "क्रेट मोडकं हाय. पडलीस तर अप्पांना माझं नाव सांगू नको." मी खदखदून हसले आणि त्याने फोटो काढला. नंतर मला विचारलं, हा सगळ्यांना देऊ का सरावाला? मी म्हटलं, दे की.

त्या फोटोने माझी जी भटकंती झाली ती विचारू नका. मी आयुष्यात कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते. दादाचे विद्यार्थी मला क्रेटवरून उचलायचे आणि कुठेही नेऊन बसवायचे. धबधब्याखाली, उंटावर, विमानाच्या पंखावर. एकाने चंद्रावर बसवलं. गृहपाठ म्हणून ते फोटो ग्रुपवर यायचे आणि दादा एकेकाला आवाज रेकॉर्ड करून चुका सांगायचा. जेवताना आई रोज विचारायची, "आज कुठं गेलीय म्हणं आपली त्रिशला?"

"आज काश्मीर."

"स्वेटर घातलाय का तिला?"

"पुढच्या धड्यात घालतो."

अप्पासुद्धा ताटातल्या ताटात हसायचे. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं दादाला सर म्हणायची. आमच्या घरात त्याला कुणी मीठसुद्धा विचारून आणत नव्हतं आणि तिकडे तो सर होता. त्या दिवसांत तो चालायचाही वेगळा.

तर दादा शेडमधून आला. पाय धुऊन सोप्यात आला, पाहुण्यांना नमस्कार केला, फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"अहो, हे एडिटिंग हाय," तो म्हणाला. "मी केवढ्यानं घाबरलो. ही शेडमध्ये क्रेटवर बसलीय, माझाच फोटो हाय. कुणीतरी गाडीवर उचलून ठेवलीय."

"आमच्या पुतण्याच्या मोबाइलवर आला," मामा म्हणाले. "गावभर फिरलाय म्हणतात. असं नुसतं सांगून कसं चालंल? हात खांद्यावर हाय तिचा."

"नुसतं सांगत नाही. दाखवतो ना."

तो आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला. फोटो मागवून घेतला, टीपॉयवरच्या कपबश्या बाजूला केल्या आणि मधोमध लॅपटॉप ठेवला. त्याचा आवाजच बदलला. व्हिडिओतला आवाज झाला.

"बघा मामा, माणूस खरा बसलाय का नंतर ठेवलाय, हे ओळखायची एकच जागा. सावली. तोंड, कपडे सगळं जुळवता येतं. सावलीत माणूस हमखास चुकतो. नवीन पोरं काय करतात, नुसता काळा रंग फासतात. सावली कधी काळी नसते. ज्याच्यावर पडलीय त्याचा रंग तिच्यात उतरतो."

मामा पुढे सरकले. तसबिरीवरची नजर काढून बाबगोंडा पाटीलही वाकले. अप्पा माझ्याकडे न बघता जरा ताठ बसले. त्यांच्या 'नुसत्या' मुलाचं दोन शहाणीसुरती माणसं कान देऊन ऐकत होती, आणि मला वाटलं, झालं, निभावलं. आईने आतून मला खुणेने विचारलंदेखील, पोळ्या लाटायला घेऊ का? आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. पाहुणे चांगल्या मनाने उठायचे तर पाटावरूनच उठायला हवे होते.

दादाने फोटो मोठा केला. आधी रस्ता. "आता ही गाडीची सावली. ह्यात दोन माणसं दिसतायत." तो थांबला. "ही बरी जमलीय. असू दे. आता सीट बघू. माणूस वरनं ठेवलेला असला की सीट दबत नाही." त्याने सीट मोठी केली. ती दबलेली होती.

"दबलीय की," मामा म्हणाले.

"हो. दबलीय." त्याने फोटो आणखी मोठा केला. आता पडदाभर नुसता खांदा होता आणि त्यावर माझी बोटं. बोटांच्या खाली, शर्टाच्या चौकडीवर, केसाएवढी बारीक तपकिरी रेघ होती.

दादाचा हात माउसवरून उचलला गेला. तो त्या रेघेकडे बघत राहिला. मी बाजूला उभी होते, त्याचा कान लाल होताना मला दिसला.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"सावली बरोबर हाय."

"म्हणजे?"

आत आईच्या लाटण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे खरा हाय फोटो?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. खोटाच हाय." दादाचा आवाज आता व्हिडिओतला नव्हता. "सावली मी टाकलीय. दोन माणसं एका फोटोत कशी आणायची, असा धडा होता माझा. एका पोरानं गृहपाठ पाठवलेला. ती हवेत बसल्यासारखी दिसत होती. त्याला जमंना, म्हणून मी नीट करून दिलं. तेव्हा मागं घाट नव्हता, उसाचं रान होतं. म्हणून वळखला नाही मी. पण सावली माझीच हाय."

मग त्याने सगळं काढून दाखवलं. क्रेटवरची मी, हिरवं नेट, रॅकची दांडी. दांडीच्या जागी खांदा कसा आला, क्रेटच्या जागी सीट कशी आली. एकही गोष्ट लपवली नाही. एवढं स्वच्छ समजावलं की मामांसारखा संशयी माणूसही मान हलवत राहिला. असा उत्तम धडा त्याने आयुष्यात दिला नसेल.

"पटलं," बाबगोंडा पाटील म्हणाले. पहिल्यांदाच बोलले. "पोरीविषयी आमच्या मनात काय नाही. मला एवढंच सांगा, हा क्रेटवरचा फोटो अजून कितीजणांकडं हाय?"

दादा खोटं बोलू शकला असता. दहा-पंधरा पोरं म्हणाला असता, तर कोण मोजायला जाणार होतं?

"ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडं. हजारांत असतील."

"आणि ते काढून टाकता येतील?"

"माझ्याकडचा येईल. त्यांच्याकडचा नाही."

"म्हणजे उद्या कुणी काय करंल त्याचा नेम नाही."

दादाने मान हलवली. मामा उठता उठता म्हणाले, आणि रागाने नव्हे, खरोखरच न कळून म्हणाले, "सख्ख्या बहिणीचा हात परक्या पोराच्या खांद्यावर ठिवलास, आणि वर तो नीट बसंल असं बघितलंस. कसला रे भाऊ तू?"

आई बाहेर आली. "जेवण तयार हाय. दिवस हाय अजून. जेवून जावा."

"नको वहिनी," बाबगोंडा पाटील म्हणाले. "पुन्हा कधीतरी."

चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला असं मला वाटलं. गाडी गेली, तशी आई चुलीपाशी जाऊन बसली आणि पोळ्या झाकून ठेवायला लागली. अप्पा जागचे हलले नाहीत. दादा लॅपटॉपपुढे बसला होता आणि पडद्यावर मी क्रेटवर बसून हसत होते.

"बंद कर ते सगळं," अप्पा म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "अप्पा, फोटो माझा हाय. मी हो म्हटलं होतं. मला आवडतं ते. चंद्रावर गेले, कुठं कुठं गेले. एका फोटोवरनं मोडत असंल तर मोडू दे. दादाचं का बंद करायचं?"

"तुला काय कळतंय? अजून दहा ठिकाणी दाखवायचीय तुला."

"दादा, तू बोल की. नको ना करू बंद."

दादाने माझ्याकडे बघितलं. "मामा खोटं बोलले नाहीत, त्रिशला," तो म्हणाला. "मी फक्त सावली बघत होतो. ती तू हायस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी त्याचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवला. माझ्यासमोर त्याने एकेक व्हिडिओ काढून टाकला. प्रत्येक वेळी 'नक्की काढायचा ना' असं विचारणारी पाटी यायची आणि तो हो दाबायचा. शेवटी ग्रुप. कुणालाही काही न सांगता तो त्यातून बाहेर पडला. त्या संध्याकाळी आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या, दिवस मावळायच्या आत. कुणीही मी कुठे गेले म्हणून विचारलं नाही.

आमच्या घरात त्या दिवसाला 'त्रिशलाचं मोडलं तेव्हा' असं म्हणतात. हसायला येतं मला. माझं काय मोडलं? वर्षा-दीड वर्षात बार्शीचं स्थळ आलं, जयकुमार भला माणूस आहे, 'जेवलीस का'च्या पुढेही बोलतो. मोडला तो दादा. कॅमेरा त्याने ज्याच्याकडून आणला होता त्याच्याकडेच परत नेऊन दिला. शेड बघायला लागला. अप्पा आता लोकांना अभिमानाने सांगतात, सगळा व्यवहार श्रेणिक बघतो. 'नुसता' हा शब्द गेला, आणि त्याच्याबरोबर तो चालायचा ती चालही गेली. माझ्या लग्नात तो पंगतीत वाढत होता. फोटोग्राफरने तीनतीनदा हाका मारल्या, नवरीचे भाऊ कुठे आहेत? जिलबी संपत आलीय असं सांगून तो आत जायचा. माझ्या अख्ख्या अल्बममध्ये दादा नाही. एका पंगतीच्या फोटोत कडेला एक हात आहे, पळी धरलेला. तो त्याचा आहे हे मला घड्याळावरून ओळखता येतं.

त्याला एकदा सांगावं असं फार वाटायचं, की तू मला कुठेही चुकीच्या जागी ठेवलं नव्हतंस. पण विषय निघाला की तो बेदाण्याचं बोलायला लागायचा. दर भाऊबीजेला मी ते मनात घेऊन जायचे आणि तसंच परत आणायचे.

गेल्या हिवाळ्यात लातूरला जयकुमारच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. फोटोग्राफर होता पस्तिशीच्या आसपासचा, सुटलेल्या पोटाचा, हाताखाली दोन माणसं. त्याला कुठेतरी बघितलंय असं सकाळपासून वाटत होतं. हळदीला वाटलं, जेवताना वाटलं. दुपारी तो वधूच्या पदराची घडी नीट करायला सांगत माझ्या अगदी पुढ्यात वाकला आणि मला त्याच्या डाव्या भुवईतली खोक दिसली.

ह्या माणसाच्या गाडीवर मी मागे बसले होते.

मला काय करावं ते सुचेना. मी सरळ म्हटलं, "तुम्ही श्रेणिक मगदूम सरांचे विद्यार्थी का?"

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि आधी त्याचं तोंड उघडलं, मग डोळे मोठे झाले.

"ताई," तो म्हणाला. "क्रेटवरच्या ताई?"

त्याचं नाव परमेश्वर. औसा तालुक्यातला. हाताखालच्या दोघांना त्याने हाका मारून बोलावलं, "अरे इकडं या, ह्या कोण हायेत माहितंय का? ह्यांच्यावर शिकलोय मी. ह्यांची वेणी कापता कापता हात तयार झाला माझा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर कुठं हायेत ताई? काय करायलेत? एकाएकी गेले बगा. ग्रुप तसाच राहिला. आम्ही लई वाट बघितली. कुणी म्हणालं आजारी पडले, कुणी म्हणालं मोठ्या कंपनीत लागले."

"बरे आहेत," मी म्हटलं. "घरचा व्यवसाय बघतात."

"अन् फोटो?"

"वेळ नाही होत."

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानेच हसत सांगितलं, घाटाचं चित्र त्याने नंतर हौसेने मागे लावलं होतं आणि मित्रांना पाठवलं होतं, एवढीच त्याची कर्तबगारी. मी सांगितलं असतं तर त्याचाही हात थांबला असता. आमच्या घरात एक थांबला तेवढा पुरे.

"सरांचा आवाज हाय माझ्याकडं अजून," तो म्हणाला. "फोन किती बदलले, पण ते जपून ठेवलंय. नवीन पोरांना ऐकवतो. ऐकायचाय?"

त्याने फोन माझ्या कानाशी धरला. आधी शेडमधल्या वाऱ्याचा आवाज आला. मग दादा.

"परमेश्वर, चांगलं केलंयस. पण ताईचा हात बघ, हवेत राहिलाय. खांद्यावर नीट टेकव. गाडी चाललीय, पडंल की ती. आणि सीट जरा दाब. माणूस बसला म्हणजे वजन दिसाय पाहिजे. तुला जमंना तर फाइल पाठव, मी करून देतो. बहीण हाय माझी, तिला अशी अधांतरी नको ठेवू."

आणि त्याच्या मागे, लांबून, एका मुलीचा आवाज. "दादा, कुठं निघाले मी आज?" मग दादाचं हसणं. "गप गं. रेकॉर्ड चाललंय."

मी फोन परत दिला. डोळे पुसले ते त्याने बघितलं, पण लग्नघरात डोळे पुसणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. मी त्याच्याकडून ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या जागेशी जाऊन दादाला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. मागे बेदाणा निवडायच्या यंत्राचा खडखडाट होता.

"तुला एक पाठवलंय. ऐक आणि मला फोन कर."

त्याचा फोन लगेच आला नाही. मी तिथेच उभी राहिले. आतून मला दोनदा बोलावणं आलं. मग फोन वाजला. आता मागे यंत्राचा आवाज नव्हता, बंद केलं असावं.

"कुठं भेटला तो?"

"लातूरला. फोटोग्राफर आहे. चांगलं चाललंय त्याचं. तुझंच ऐकवतो पोरांना. बघ दादा, तू काय म्हणालायस. अधांतरी नको ठेवू म्हणालायस. भाऊ आणखी काय करतो रे?"

मला वाटलं, आता बेदाण्याचा भाव सांगणार.

"त्याला सांग," दादा म्हणाला, "ते आता ऐकवू नको पोरांना. जुनं झालं. आता सावली अशी टाकत नाहीत. आता माणसाचाच आकार घेऊन आडवा पाडतात, पायापाशी धार ठेवायची आणि लांब गेली की मऊ करत न्यायची. आणि बोटाखालची रेघ हातानं काढायची गरज नाही, त्याला आता वेगळं निघालंय, उजेडाची बाजू दिली की आपोआप बसतं. पण त्यातही पोरं चुकतात, कापडाचा रंग घ्यायचं विसरतात. परवाच एकजण दाखवत होता, त्यानं पण—"

तो एकदम थांबला.

"परवा कोण दाखवत होता, दादा?"

लांब कुठेतरी त्याच्याकडे कुत्रं भुंकत होतं.

"ट्रॅक्टर आलाय," तो म्हणाला. "ठेवतो." यंत्र पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

म्हणजे तो व्हिडिओ बघत होता. अजूनही त्या गच्चीवर जाऊन, थांबवून, मागे घेऊन, परत लावून तो सगळं शिकत होता, आणि एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही त्याने ते कळू दिलं नव्हतं. कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही, काढायला फोटो नाही. नुसता बघत होता.

"ताई, फॅमिली फोटो," परमेश्वर दारात येऊन म्हणाला. "सगळे थांबलेत."

मी आत गेले. त्याने मला वधूच्या शेजारी खुर्चीवर बसवलं, दोन पावलं मागे गेला आणि कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "ताई, हात नीट ठेवा." मी हात मांडीवर ठेवला, मग खुर्चीच्या दांडीवर ठेवला, परत उचलला. तो कुठे टेकवावा ते मला कळेना.